डेस्कटॉप बिघडलाय, कॉम्प्युटर नाही: फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

स्क्रीनच्या खालची पट्टी गायब. आयकॉन गायब. नुसता काळा पडदा आणि त्यावर माउसचा बाण तेवढा फिरायलाय. नाहीतर पट्टी आहे पण मेनू उघडंना, खिडक्यांच्या डोक्यावरची बंद करायची फुलीच गेली, किंवा पासवर्ड बरोबर टाकला तरी क्षणभर काळं होऊन परत पासवर्डच मागायलंय. असं काही झालं की आपल्याकडं, लातूर असो परभणी असो नाहीतर एखादं तालुक्याचं गाव, पहिला सल्ला ठरलेला: फॉरमॅट मारा. आणि लोक मारतात, मग लेकराचे फोटो, स्कॅन करून ठेवलेले सातबारे, ॲडमिशनची कागदपत्रं सगळं जातं, आणि तेही अशा बिघाडापायी जो बऱ्याचदा एका फोल्डरचं नाव बदललं की निघून जातो. मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून सगळं नीट सांगायलोय.

हे मुख्यतः लिनक्सबद्दल आहे, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या सिस्टमबद्दल. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळं जुन्या पण धडधाकट मशीनवर लिनक्स मिंट, उबंटू असलं काहीतरी टाकून घेतलेले लोक आता ओळखीत बरेच आहेत. मशीन छान चालतं, सेवा केंद्रावरचे फॉर्म भरून होतात, प्रिंट निघते. पण एक दिवस पट्टी जाते आणि माणूस घाबरतो, कारण त्याला वाटतं सगळा कॉम्प्युटरच गेला.

तर आधी हे समजून घ्या की तुम्हाला स्क्रीनवर जे दिसतं, म्हणजे खालची पट्टी, मेनू, वॉलपेपर, खिडक्यांच्या चौकटी, घड्याळ, ते सगळं म्हणजे कॉम्प्युटर नाही. तो एक वेगळा सॉफ्टवेअरचा संच असतो, त्याला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. लिनक्समध्ये असे संच बरेच आहेत, केडीई 1996 मध्ये सुरू झालं, ग्नोम 1997 मध्ये, हलक्या मशीनसाठी एक्सएफसीई, मिंटवाल्यांचं सिनॅमन, शिवाय माटे. विंडोजमध्ये निवड नसते म्हणून हा फरक कधी लक्षात येत नाही. पण लिनक्समध्ये खालची मुख्य सिस्टम वेगळी, वरचा डेस्कटॉप वेगळा, आणि त्या डेस्कटॉपवर तुम्ही केलेल्या आवडीनिवडी, म्हणजे पट्टी वर घ्यायची का खाली, अक्षर केवढं, थीम कुठली, त्या आणखी वेगळ्या. बिघडतात त्या बहुतेक वेळा शेवटच्या. त्या आवडीनिवडी तुमच्या होम फोल्डरमध्येच, म्हणजे तुमच्या खात्याच्या फाइली असतात त्या फोल्डरमध्ये, लपवलेल्या फाइलींत पडलेल्या असतात.

या सगळ्याची किल्ली पुढं आहे. मूळ सेटिंग, म्हणजे डिफॉल्ट, सिस्टमच्या फोल्डरांत असतं, साध्या युजरला ते बदलताच येत नाही. तुम्ही बदलता ते फक्त तुमच्या होममधल्या फाइलीत लिहिलं जातं. डेस्कटॉप चालू होताना आधी तुमची फाइल बघतो, तिच्यात सापडलं तर तसं, नाही सापडलं तर मूळ घेतो. भिंतीवर जुन्या कॅलेंडरवरच नवं टांगलं तर वरचंच दिसतं, ते काढलं की खालचं आपोआप दिसायला लागतं, तसंच आहे हे. म्हणजे रिसेट करायचं म्हणजे कुठून काही नवीन आणायचं नाही, तुमची बिघडलेली फाइल वाटेतून बाजूला करायची, बस. मूळ तिथंच आहे, कुठं गेलेलं नाही.

यावरून हेही कळतं की नुसता डेस्कटॉप काढून परत इन्स्टॉल केल्यानं काही होत नाही. लोक तासभर इंटरनेट जाळून सगळं पॅकेज परत टाकतात आणि पट्टी तरी येत नाही, कारण इन्स्टॉल करणारा प्रोग्राम तुमच्या होमला हात लावत नाही, बिघडलेली फाइल जिथल्या तिथंच राहते. मिंटमधल्या टाइमशिफ्टचंही तेच, सिस्टम मागच्या तारखेला नेणारं ते चांगलं साधन आहे, पण ते मूळ सेटिंगवर चालतं तेव्हा होममधल्या फाइली त्यात घेतलेल्याच नसतात. सिस्टमच्या अपडेटनं काही मोडलं तर टाइमशिफ्ट वापरा, पट्टी हरवली तर त्याचा उपयोग नाही.

मग बिघाड सेटिंगचा आहे का सिस्टमचा हे ओळखायचं कसं? एक चाचणी आहे आणि ती सगळ्यात आधी करा: नवा युजर तयार करा आणि त्यातून लॉगिन करून बघा. नव्या युजरचं होम कोरं असतं, त्याला सगळं मूळच दिसतं. तिथं पट्टी, मेनू सगळं ठीक असलं तर तुमचा कॉम्प्युटर ठणठणीत आहे, बिघाड फक्त तुमच्या खात्यातल्या सेटिंगचा. नव्या युजरलाही तोच काळा पडदा दिसला तर मात्र गोष्ट वेगळी, त्याचं शेवटी सांगतो. या चाचणीचा आणखी एक फायदा असा की काम अडलेलं असलं, पीक विम्याची शेवटची तारीख आली आणि दारात माणसं उभी असली, तर त्या नव्या युजरवरून ब्राउझर उघडून काम चालू ठेवता येतं, दुरुस्ती संध्याकाळी निवांत करा.

बरं, रिसेटच्याही आधी एक हलका उपाय. कधीकधी सेटिंग बिघडलेलं नसतंच, पट्टी दाखवणारा प्रोग्राम तेवढा बंद पडलेला असतो. सिनॅमनमध्ये कंट्रोल, अल्ट आणि एस्केप एकदम दाबलं की डेस्कटॉप नव्यानं चालू होतो आणि उघड्या खिडक्या उघड्याच राहतात. एक्सएफसीईमध्ये अल्ट आणि एफ2 दाबून येणाऱ्या चौकटीत एक्सएफसीई4 हायफन पॅनल असं टाइप करून एंटर मारा, पट्टी येईल. खिडक्यांची फुली गेली असेल तर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एक्सएफडब्ल्यूएम4, मग जागा, मग दोन हायफन लावून रिप्लेस. कमांडी मी इथं फोनवर सांगतो तशा सांगायलोय, टाइप करताना अर्थात इंग्रजी स्मॉल अक्षरांत करायच्या आणि मराठी कीबोर्ड चालू नाही ना ते आधी बघायचं, निम्म्या वेळा कमांड चालंना त्याचं कारण तेच असतं.

एक्सएफसीईमध्ये एक गंमतशीर वाटणारी पण फार त्रास देणारी गोष्ट आहे. लॉगआउट करताना खाली एक टिक असते, हे सेशन पुढच्या वेळेसाठी जपून ठेवा अशा अर्थाची. पट्टी बंद पडलेली असताना ती टिक राहिली तर मशीन इमानदारीनं पट्टी नसलेला डेस्कटॉपच जपून ठेवतं आणि रोज सकाळी तोच परत आणून देतं. मग पट्टी हातानं आणली की दिवसभर राहते, दुसऱ्या दिवशी परत गायब. याला सगळं रिसेट करायची गरज नाही. होममध्ये डॉट कॅश नावाचं लपलेलं फोल्डर असतं, कंट्रोल एच दाबलं की दिसतं, त्यातलं सेशन्स नावाचं फोल्डर काढून टाका आणि ती टिक काढा.

आता खरा रिसेट. नियम एकच: डिलीट करू नका, नाव बदला. फाइलचं नाव बदललं की डेस्कटॉपला ती सापडत नाही, तो मूळ सेटिंग घेतो, आणि तुमची जुनी फाइल तरी हाताशी राहते. उपाय चुकला तर परत जुनं नाव द्या, जसं होतं तसं. डिलीट केलेलं मात्र परत येत नाही.

दुसरी गोष्ट, आणि इथंच बहुतेकांचं अडतं, त्या डेस्कटॉपमध्ये लॉगिन असताना त्याचीच फाइल हलवू नका. एक्सएफसीईचा सेटिंग सांभाळणारा एक प्रोग्राम मागं सतत चालू असतो, सगळं सेटिंग त्याच्या डोक्यात, म्हणजे मेमरीत असतं. तुम्ही फाइल काढली तरी तो मेमरीतलं तेच बिघडलेलं सेटिंग परत लिहून टाकतो, आणि माणूस म्हणतो की रिसेट केलं तरी काही होत नाही. म्हणून आधी लॉगआउट व्हा. पासवर्डच्या पडद्यावर आलात की कंट्रोल, अल्ट आणि एफ3 दाबा. काळा पडदा येईल, त्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन विचारील. हा नुसत्या अक्षरांचा पडदा आहे, याला डेस्कटॉप लागतच नाही, म्हणून डेस्कटॉप कितीही बिघडला तरी इथून आत जाता येतं. युजरचं नाव टाका, पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, ठिपके पण नाही, तरी तो घेतला जातोय, घाबरायचं नाही. आणि तुमच्या फाइलींची नावं मराठीत असतील तर या पडद्यावर ती चौकोन चौकोन दिसतील. फाइली खराब झालेल्या नाहीत, त्या पडद्याला देवनागरी दाखवताच येत नाही एवढंच. परत पासवर्डच्या रंगीत पडद्यावर यायला कंट्रोल, अल्ट आणि एफ7, उबंटूवर बहुतेक एफ1.

एक्सएफसीईचं सगळं डॉट कॉन्फिग नावाच्या लपलेल्या फोल्डरमधल्या एक्सएफसीई4 या फोल्डरात असतं. नाव बदलायची कमांड एमव्ही, तिच्यापुढं एक जागा सोडून जुनी वाट, म्हणजे फोल्डरचा पत्ता, मग जागा सोडून नवी वाट. म्हणजे एमव्ही, जागा, डॉट कॉन्फिग स्लॅश एक्सएफसीई4, जागा, डॉट कॉन्फिग स्लॅश एक्सएफसीई4 हायफन जुना. एंटर. काहीच उत्तर आलं नाही म्हणजे झालं, लिनक्समध्ये गप्प बसणं म्हणजे होकार. मग एक्झिट टाइप करून बाहेर या, मूळ पडद्यावर जाऊन लॉगिन करा, पहिल्या दिवशी होता तसा डेस्कटॉप समोर येईल.

फक्त पट्टीच बिघडली असेल तर सगळं फोल्डर हलवायची गरज नाही, त्याच फोल्डरात आत एक्सएफकॉन्फ आणि त्याच्या आत आणखी एका फोल्डरात प्रत्येक भागाची वेगळी एक्सएमएल फाइल असते, पॅनलची म्हणजे पट्टीची वेगळी, डेस्कटॉपची वेगळी, खिडक्यांची वेगळी, मॉनिटरची वेगळी. शाळेत प्रोजेक्टर जोडला आणि काढल्यापासून स्क्रीनच नीट दिसंना असं झालं असेल तर डिस्प्लेज नावाची फाइल तेवढी बाजूला करा. सिनॅमनमध्ये याच कामाची सिनॅमन हायफन मॉनिटर्स नावाची फाइल डॉट कॉन्फिगमध्ये सरळ समोरच सापडते. मला हा तुकड्यातुकड्यानं रिसेट करायचा मार्गच जास्त आवडतो, बाकीची मांडणी वाचते.

ग्नोम, सिनॅमन आणि माटेचं जरा वेगळं आहे. यांचं सेटिंग बहुतेक एकाच फाइलीत असतं, डॉट कॉन्फिगमधल्या डीकॉन्फ या फोल्डरात, फाइलचं नाव युजर. ती नोटपॅडसारख्यात उघडून वाचता येत नाही, त्यासाठी डीकॉन्फ नावाचीच कमांड आहे. या फाइलीत फक्त तुम्ही बदललेल्या गोष्टी असतात, मूळ किमती त्यात नसतातच. आधी बॅकअप: डीकॉन्फ, जागा, डंप, जागा, स्लॅश, जागा, मग बाणाचं चिन्ह म्हणजे कॉमाच्या बटणावरचं नाही, त्याच्या शेजारच्या फुलस्टॉपच्या बटणावरचं उजवीकडं तोंड असलेलं, जागा, आणि फाइलचं काहीही नाव. सगळं सेटिंग वाचता येईल अशा साध्या फाइलीत उतरतं. मग रिसेट: डीकॉन्फ, जागा, रिसेट, जागा, हायफन एफ, जागा, स्लॅश ओआरजी स्लॅश सिनॅमन स्लॅश. ग्नोम असेल तर सिनॅमनच्या जागी ग्नोम, माटे असेल तर माटे. शेवटचा स्लॅश विसरू नका, तो नसला तर कमांडला कळत नाही की अख्खा कप्पा म्हणायचाय.

इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी नुसता एक स्लॅश टाकून सगळंच रिसेट करा असं सांगतात. चालतं ते, पण मी कुणाला लगेच करा म्हणत नाही, कारण त्या एका स्लॅशमध्ये डेस्कटॉपच नाही तर त्या फाइलीत सेटिंग ठेवणारे सगळेच प्रोग्राम आले, आणि त्यात मराठी टायपिंग करून देणारा आयबस पण आला. इन्स्क्रिप्टचा कीबोर्ड जोडलेला असतो तो यादीतून जातो, आणि ज्याचं सगळं काम मराठी अर्जांचं आहे त्याला दुसऱ्या दिवशी नवंच संकट. जायचंच असेल तर आधी कीबोर्डची यादी कागदावर लिहून घ्या.

सिनॅमनवाल्यांना तर टर्मिनलपर्यंत जायचीही गरज पडत नाही, पट्टी दिसत असली तर तिच्यावर राइट क्लिक करा, ट्रबलशूट म्हणून येतं, त्यात सगळी सेटिंग मूळ करायचा पर्याय आहे. आणि सिनॅमन क्रॅश झालंय, तुम्ही फॉलबॅक मोडमध्ये आहात अशी चौकट येत असेल तर पहिला संशय बाहेरून टाकलेल्या ॲपलेट आणि एक्स्टेन्शनवर, म्हणजे डेस्कटॉपला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांवर घ्या. ग्नोममध्येही सिस्टमची नवी आवृत्ती आली की जुनी एक्स्टेन्शन मोडतात, तिथं एक्स्टेन्शन्स नावाच्या ॲपमध्ये सगळी एकदम बंद करायचं बटण आहे, रिसेटच्या आधी ते दाबून बघा. केडीईमध्ये पट्टी आणि विजेट डॉट कॉन्फिगमधल्या एका लांबलचक नावाच्या फाइलीत असतात, नाव प्लाझ्मापासून सुरू होतं आणि ॲपलेट्सआरसीवर संपतं, ती एकच फाइल बाजूला केली तरी पट्टी मूळपदावर येते.

आता सगळ्यात महत्त्वाची ताकीद. कुणी म्हणेल कशाला एवढं शोधायचं, अख्खं डॉट कॉन्फिगच बाजूला करा. डेस्कटॉप येईल हो, पण गुगल क्रोमची सगळी माहितीसुद्धा त्याच डॉट कॉन्फिगमध्ये असते, बुकमार्क, जपलेले पासवर्ड, सगळं. लिबरऑफिसचं सेटिंगही तिथंच, त्यातली तुम्ही शिकवलेली मराठी शब्दांची यादी पण. सेवा केंद्र चालवणाऱ्या एका ताईंचं असंच झालं होतं, कुणीतरी अख्खं फोल्डर हलवलं, डेस्कटॉप आला पण क्रोम कोरं. त्यांचा फोन आला, "भाऊ, पट्टी आली पण माझे सगळे पासवर्ड गेले की." मी विचारलं, "ताई, डिलीट केलं का नाव बदललं?" "नाव बदललंय म्हणत होता तो." मग काय, जुन्या फोल्डरमधून क्रोमचं फोल्डर उचलून नव्यात ठेवलं, सगळं परत. डिलीट केलं असतं तर गेलंच होतं. आणि डॉट लोकलच्या आत शेअरमध्ये कीरिंग्स नावाचं फोल्डर असतं, पासवर्डांची कुलपं तिथं असतात, त्याला कुठल्याच कारणानं हात लावू नका.

पासवर्ड टाकला की परत पासवर्डच, या चक्राची कारणं जरा वेगळी असतात. पहिलं बघायचं डिस्क भरलीय का. त्याच अक्षरांच्या पडद्यावर जाऊन डीएफ, जागा, हायफन एच टाका, ज्या ओळीच्या शेवटी नुसता स्लॅश आहे तिथं शंभर टक्के दिसलं तर डेस्कटॉपला चालू होताना छोट्या फाइली लिहायलाच जागा नाही, म्हणून तो उघडतो आणि पडतो. टाइमशिफ्टचे जुने बॅकअप नाहीतर डाउनलोडमधले व्हिडिओ, काढा. दुसरं कारण, कुणीतरी ॲडमिनच्या अधिकारानं एखादा खिडकीवाला प्रोग्राम चालवला आणि त्यात होममधल्या डॉट एक्सऑथॉरिटी या फाइलीची मालकी रूटकडं, म्हणजे ॲडमिनच्या खात्याकडं गेली. मग तुमच्या खात्याला ती वाचताच येत नाही. तिचंही नाव बदला, लॉगिन करताना नवी आपोआप तयार होते. नाव टाइप करताना यातला फक्त एक्स कॅपिटल.

आपल्याकडं आणखी एक कारण आहे, लाईट. सेटिंग लिहिलं जात असतानाच लाईट गेली तर फाइल अर्धवट किंवा पार रिकामी राहू शकते, आणि उन्हाळ्यात इकडं लाईट कधी जाईल काही सांगता येत नाही. यूपीएसची बॅटरी उतरलेली असली तर ती आधी बदला, रिसेट करत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

विंडोजवाल्यांसाठी थोडक्यात: पट्टी अडकली तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, यादीत विंडोज एक्सप्लोरर शोधा आणि रिस्टार्ट करा. तेवढ्यानं नाही भागलं तर तिथंही नवा युजर काढून बघायची चाचणी तशीच लागू होते.

आणि नव्या युजरलाही काळाच पडदा दिसला तर? मग सेटिंगला दोष नाही, वर सांगितलेलं काहीच करू नका. बहुतेक वेळा अपडेटनंतर ग्राफिक्स ड्रायव्हर नाहीतर कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, बिनसलेला असतो. मशीन चालू होताना शिफ्ट दाबून धरा, नव्या मशीनवर एस्केप, म्हणजे ग्रबचा, सिस्टम चालू करणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू येतो, त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा आणि बघा. त्यानं चालू झालं तर तसंच काम करा आणि पुढच्या अपडेटची वाट बघा, टाइमशिफ्टचा बॅकअप असेल तर तो वापरायची वेळ ही. आणि कशानंच झालं नाही, नव्यानंच टाकावं लागणार असं ठरलं, तरी आधी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून होम फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, लपलेल्या फाइली दाखवायला कंट्रोल एच दाबा म्हणजे त्या मागं राहणार नाहीत, आणि दुकानदाराला द्यायच्या आधी त्या दुसऱ्या डिस्कवरच्या दोन-चार फाइली उघडून बघा.